सरल्या महिन्याला कुलूप

इंग्लंडच्या उत्तर भागात, न्यूकॅसल नगराच्या आसमंतात, सर अँब्रोज क्राउली या लोखंडाच्या बड्या व्यापाऱ्याचे जे कारखाने अठराव्या शतकाच्या आरंभी चालत असत, त्यांच्या कारभारासाठी सिद्ध झालेला एक जाडजूड नियमग्रंथ कालौघात नष्ट न होता अभ्यासकांच्या हाती लागला आहे. ई. पी. टॉमसन या इतिहासकाराने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या एका दीर्घ निबंधात त्यातील कलमांचा परामर्श घेतला आणि तेव्हापासून तो पुष्कळांच्या परिचयाचा झाला. दिवसाच्या बोलीवर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या नावाने वेळेचे टिपण ठेवावे, त्यात त्याच्या येण्याजाण्याची वेळ मिनिटांसह मांडावी, पहाटे पाचपासून रात्री आठपर्यंतच्या पंधरा तासांतून न्याहारी व जेवण यांचा दीड तास वजा जाता साडेतेरा तासांची निव्वळ चाकरी धरावी, आणि गुत्त्यात, कॉफीगृहात, धूम्रपानात, गाण्यात, वार्ता वाचण्यात किंवा भांडणतंट्यात गेलेला काळ या चाकरीत मुळीच मोजू नये, असा त्या कलमांचा कडक रोख आहे. परंतु प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यातील सर्वांत अर्थपूर्ण आज्ञा निराळीच आहे. ज्या घड्याळावरून ही मोजदाद व्हायची ते असे कुलूपबंद ठेवावे की, त्यात फेरफार करण्याचे सामर्थ्य कोणाही व्यक्तीच्या हाती उरू नये, असे मालकाने बजावले आहे. आणि ही आज्ञा का द्यावी लागली याचे कारणही त्याने लिहून ठेवले आहे. घरी जाण्याच्या वेळी पुढे धावणाऱ्या घड्याळाचा आणि कामावर येण्याच्या वेळी मागे रेंगाळणाऱ्या घड्याळाचा आधार घेणारे जे लबाड लोक त्याच्या कानी आले होते, ते भट्टीपुढे घाम गाळणारे मजूर नसून कचेरीत बसणारे कारकून होते.

ज्यांच्या हाती नोंद, त्यांच्याच हातून नोंदीला धोका अधिक, हे तेव्हाचे निरीक्षण आजच्या संगणकयुगातही कसे जसेच्या तसे लागू पडते, ते पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. मधल्या काळात एक मोठे स्थित्यंतर घडून गेले. अमेरिकेतील ऑबर्न गावच्या विलर्ड बंडी नावाच्या जवाहिऱ्याने १८८८ च्या सुमारास हजेरीचे एक यंत्र निर्माण केले. त्यात प्रत्येक कामगाराने आपल्या क्रमांकाची किल्ली फिरविताच त्या क्षणीची वेळ कागदाच्या फितीवर छापली जाई. हीच यंत्रे विकणाऱ्या मंडळींच्या कंपन्या पुढे एकत्र आल्या आणि त्या एकत्रीकरणातून जी संस्था उभी राहिली तिने १९२४ साली आयबीएम हे नाव धारण केले. या यंत्राचा विशेष असा की, माणूस आणि नोंद यांच्यामध्ये तिसरा, निर्जीव साक्षीदार येऊन बसला. घटना आणि नोंद एकाच क्षणी जन्मास येत असल्यामुळे काल काय छापले गेले ते आज बदलण्याचा प्रश्नच सहसा उद्भवत नसे.

संगणकावरील टाइमशीटने हा साक्षीदार पुन्हा दूर केला. पुण्याच्या हिंजवडीत असो वा बंगळुरूत, वकिलाच्या कचेरीत असो वा वास्तुविशारदाच्या, जिथे जिथे ग्राहकाला कामाच्या तासांप्रमाणे बिल लावले जाते तिथे तिथे आज प्रत्येक कर्मचारी पडद्यावरील रकान्यांत आपले तास आपल्याच हाताने भरतो: सोमवारी अमुक प्रकल्पावर पाच तास, तमुक बैठकीत एक तास, प्रवासात दोन तास, आणि सोबत टॅक्सीचे भाडे, हॉटेलचे बिल, जेवणाचा खर्च. काही मंडळी कामाबरोबर पडद्यावरचे घड्याळ चालू-बंद करतात, हे खरे. परंतु बहुसंख्य लोक शुक्रवारी संध्याकाळी, वरिष्ठांचे तगाद्याचे पत्र आल्यावर, सबंध आठवडा आठवून आठवून लिहून काढतात. (रोज बरोबर आठ तास, ना कमी ना अधिक, असे पाचही रकान्यांत लिहिणाऱ्या माणसाचे आयुष्य किती नियमित असेल, असा भाबडा विचार ती पत्रके पाहून मनात येतो.) अर्थात ही नोंद म्हणजे स्मरणावर आधारलेले निवेदन असते, आणि जे निवेदन आठवून लिहिता येते ते पुन्हा आठवून बदलताही येते. इथेच कुलुपाची गरज उत्पन्न होते.

कुलूप म्हणजे नेमके काय, हे आधी सांगितले पाहिजे. एक विशिष्ट तारीख ठरवून, तिच्या पूर्वीच्या दिवसांवर नवी नोंद घालण्याचा, असलेली नोंद बदलण्याचा किंवा ती काढून टाकण्याचा सामान्य कर्मचाऱ्याचा अधिकार संगणकाने काढून घेणे, एवढाच त्याचा गाभा आहे. नोंद दिसते, वाचता येते, तिची बेरीज घेता येते. फक्त तिला हात लावता येत नाही. जुन्या कचेऱ्यांत महिनाअखेरीस हजेरीपटावर साहेबाची सही होऊन मस्टर कपाटात बंद होत असे, त्याचेच हे रूप होय.

आता हे करावयाचे कशासाठी? पुष्कळांची समजूत अशी असते की, यामागे नोकरांवरील अविश्वास आहे. तो काही ठिकाणी असतोही. परंतु एकही माणूस अप्रामाणिक नसला तरी कुलूप लागतेच, कारण एकदा भरलेला आकडा भरणाऱ्याचा एकट्याचा राहत नाही. समजा, पुण्यातील एका सल्लागार संस्थेने मार्च महिन्यातील चाळीस तासांचे, ताशी ३,००० रुपये दराने १,२०,००० रुपयांचे आणि त्यावर अठरा टक्के जीएसटीचे २१,६०० रुपये धरून एकूण १,४१,६०० रुपयांचे बिल मुंबईच्या ग्राहकाला एप्रिलच्या आरंभी पाठविले. ग्राहकाने ते चुकते केले, कर सरकारजमा झाला, ३१ मार्चला आर्थिक वर्षही संपले. मे महिन्यात एका कर्मचाऱ्याच्या ध्यानात येते की, १२ मार्चच्या आपल्या आठ तासांपैकी दोन तास वस्तुतः दुसऱ्याच प्रकल्पाचे होते. आणि मोठ्या सद्भावनेने, कोणालाही न सांगता, तो ‘आठ’ पुसून ‘सहा’ करतो. त्या क्षणापासून संस्थेच्या दप्तरात अडतीस तास आहेत, ज्यांची करासह किंमत १,३४,५२० रुपये होते, आणि ग्राहकाच्या हातातील कागदावर चाळीस तास आहेत. ७,०८० रुपयांचा हा फरक कोणत्याही चोराने केलेला नाही. परंतु वर्षभराने लेखापरीक्षक रुजवात घेण्यास बसला की तो फरक त्याला चोरासारखाच दिसेल, आणि तोवर त्या कर्मचाऱ्याला स्वतःलाही आपण काय केले होते ते स्मरणार नाही. पगार, बिल, कर, नफातोट्याचे पत्रक आणि पुढच्या कामाच्या किमतीचा अंदाज, हे सर्व एकाच आकड्यावर उभे असताना तो आकडा खालून गुपचूप सरकला, तर वर उभ्या असलेल्या सर्वांनाच हादरा बसतो.

ज्या संस्कृतीत कागद म्हणजे हक्क असे समीकरण रुजलेले असते, तिला ही भीती नवी नसते. शिवकालीन पत्रांच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ ही छोटी मुद्रा उठविण्याची जी पद्धत होती, पेशवाईतील पत्रांवर ‘लेखनसीमा’ हा जो शिक्का आढळतो, त्याचे प्रयोजन हेच की, मजकूर इथे संपला, यापुढे कोणी ओळ वाढविली तर ती खोटी. लांबलचक कागद एकमेकांस चिकटवून पत्र तयार केलेले असले तर पाठीमागे सांध्यावर शिक्का मारीत, म्हणजे मधला ताव बदलण्याची सोय राहत नसे. हुंडीवर रुपये लिहिताना रकमेबरोबर तिची निमपटही मांडली जाई; हजाराच्या हुंडीत निमे पाचशे आणि त्याची दुप्पट असे लिहिले की, एका शून्याची भर घालणाऱ्याला दोन ठिकाणी हातचलाखी करावी लागे. तिकडे १८०७ च्या फ्रेंच व्यापारी संहितेनेही व्यापाऱ्यांना आपल्या वह्या तारखेच्या अनुक्रमाने, मध्ये कोरी जागा न सोडता आणि समासात काही न लिहिता ठेवण्याचे फर्मावले होते. या सर्व युक्त्या कागदाच्या जडपणावर विसंबलेल्या होत्या: खाडाखोड केली की ती दिसते, पान फाडले की ते समजते. संगणकाच्या नोंदीला हा जडपणा नाही. तिथे ‘आठ’ च्या जागी ‘सहा’ लिहिले तर पूर्वी तिथे आठ होते याचा लवलेशही उरत नाही, आणि म्हणून जे काम कागद स्वभावतःच करीत असे ते तिथे मुद्दाम रचावे लागते.

ही रचना निरनिराळ्या आज्ञावलींत निरनिराळ्या रीतीने केलेली आढळते. टॉगल आणि क्लॉकिफाय यांत कुलुपाची तारीख ठरवून देता येते. क्लॉकिफायमध्ये ती दर आठवड्याला किंवा दर महिन्याला आपोआप पुढे सरकेल अशीही व्यवस्था आहे. किमाई नावाची जी मुक्त आज्ञावली २००६ पासून विकसित होत आली आहे, तिची रचना मला अधिक विचारपूर्वक केलेली वाटते. तिच्यात आरंभ, अंत आणि सवलत असे तीन रकाने असून त्यांत ठरावीक तारखेऐवजी ‘मागील महिन्याचा पहिला दिवस’, ‘मागील महिन्याचा अखेरचा दिवस’, ‘आणखी दहा दिवस’ अशा सापेक्ष मुदती लिहिता येतात, त्यामुळे दर महिन्याला कोणी आठवणीने कुलूप सरकवीत बसण्याचे कारण पडत नाही. शिवाय सवलतीच्या मुदतीत नोंद हाताळण्याचा अधिकार आणि मुदत उलटल्यावरही ती हाताळण्याचा अधिकार, हे दोन वेगळे अधिकार मानलेले असून ते वेगवेगळ्या व्यक्तींना देता येतात. आणि बिलासाठी एकदा उचललेली नोंद बदलण्यास तिसराच अधिकार लागतो. न्यूयॉर्कमध्ये २००६ सालीच सुरू झालेल्या हार्वेस्टमध्ये तासांच्या आणि खर्चाच्या प्रत्येक नोंदीसोबत ती बंद आहे की नाही, वरिष्ठांनी मंजूर केली आहे की नाही, तिचे बिल झाले आहे की नाही, आणि बंद असल्यास ती कोणत्या कारणाने बंद आहे, एवढी माहिती साठविलेली असते. बंद दारापुढे उभ्या असलेल्या माणसाला दार कोणी व का लावले हे सांगणे, ही साधी सभ्यता आहे. परंतु ‘आपणास अधिकार नाही’ एवढेच खेकसून गप्प बसणाऱ्या आज्ञावली पाहिल्या की या सभ्यतेचे मोल कळते.

तात्पर्य, कुलूप लागण्याची निमित्ते मुख्यतः तीन: काळ उलटणे, मंजुरी मिळणे आणि बिल होणे. यांपैकी काळाचे कुलूप सर्वांत सोपे आणि सर्वांत आंधळे होय, कारण नोंद खरी की खोटी, पूर्ण की अपूर्ण याची चौकशी न करता ते तारखेबरहुकूम पडते. मंजुरीच्या कुलुपामागे निदान एका माणसाने ती नोंद वाचली असल्याचे गृहीत असते. हे गृहीतच असते, असे मी जाणूनबुजून म्हणतो. चाळीस जणांची पत्रके एकाच टिचकीसरशी मंजूर करणारे वरिष्ठ ज्याने पाहिले आहेत त्याला यावर अधिक सांगणे नको.

कुलुपाला पुष्कळदा मागचे दार राहून जाते. एखादी नोंद एप्रिलमध्ये आहे म्हणून ती बदलता येते. परंतु तिची तारीखच मागे नेऊन ती बंद झालेल्या मार्चमध्ये ढकलता येते काय? येत असेल तर कुलूप निरर्थक आहे, कारण तपासणी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही तारखांची झाली पाहिजे. रात्री अकराला सुरू करून पहाटे दोनला थांबविलेले काम महिन्याच्या सीमेवर दोन्हीकडे पाय टाकून उभे राहते, त्याचे काय करावयाचे? त्याहून कपटी प्रकार दरांचा आहे. नोंदीतील तासांना कोणी हात लावला नाही, परंतु कर्मचाऱ्याचा ताशी दर जूनपासून वाढविला आणि आज्ञावलीने प्रत्येक जुन्या नोंदीची किंमत चालू दराने नव्याने काढली, तर गतवर्षाच्या सर्व बेरजा एका रात्रीत बदलतात आणि प्रत्येक नोंद मात्र इमानेइतबारे कुलूपबंद दिसत राहते. म्हणून शहाणे रचनाकार नोंद होतेवेळचा दर त्या नोंदीतच गोठवून ठेवतात. प्रकल्पाचे नाव बदलणे, एका ग्राहकाची कामे दुसऱ्याच्या नावावर चढविणे, सोडून गेलेल्या माणसाचे खातेच पुसणे, बाहेरच्या फाईलमधून एकगठ्ठा नोंदी आत ओढणे, हे सारे त्याच जातीचे मार्ग होत.

आणि मध्यरात्र कोणाची, हा प्रश्न तर परदेशी ग्राहकांची कामे करणाऱ्या आपल्याकडील मंडळींना नित्याचा आहे. रविवारी मध्यरात्री कुलूप पडेल असे न्यूयॉर्कच्या घड्याळावर ठरलेले असले तर पुण्यातील माणसाला उन्हाळ्यात सोमवारी सकाळी साडेनऊपर्यंत आणि हिवाळ्यात साडेदहापर्यंत सवड मिळते. उलट भारतीय मध्यरात्र प्रमाण मानली तर न्यूयॉर्कच्या सहकाऱ्याचा रविवार दुपारीच संपतो.

खर्चाच्या नोंदींना हाच न्याय सरसकट लावणे मात्र मला मान्य नाही. तासांची नोंद आणि खर्चाची नोंद या एकाच पडद्यावर शेजारी शेजारी नांदत असल्या तरी त्यांचा स्वभाव भिन्न आहे. तासांना व्हाउचर नसते. माणसाने गुरुवारी दुपारी आराखडा तपासण्यात तीन तास घालविले याचा पुरावा त्याच्या स्मृतीपलीकडे क्वचितच कुठे असतो, आणि स्मृती दिवसागणिक विरत जाते; म्हणून तासांना कुलूप लवकर पडणे हेच हिताचे. खर्चाचे तसे नाही. हॉटेलचे बिल, रेल्वेचे तिकीट, टॅक्सीची पावती हे तिसऱ्याने दिलेले, तारीख व रक्कम असलेले दाखले असतात आणि ते तीन आठवड्यांनी जुने झाले म्हणून त्यांची सत्यता कमी होत नाही. उलट ते उशिरानेच हाती येतात: प्रवास महिनाअखेरीस झालेला असतो, हॉटेल आपले बिल पुढच्या आठवड्यात पाठविते, परकीय चलनात कार्डाने दिलेल्या पैशांचे रुपये किती झाले हे बँकेचे पत्रक आल्यावाचून कळत नाही. अशा खर्चाला तासांच्याच मुदतीने कुलूप घातले तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर कर्मचारी पदरमोड करून गप्प बसतो, नाही तर मार्चचा खर्च एप्रिलच्या तारखेने दाखवितो. दुसऱ्या प्रकारात पावतीवर एक तारीख आणि नोंदीत दुसरी, असा विसंवाद दप्तरात कायमचा घर करून राहतो. तेव्हा खर्चाला मुदत लांब असावी. परंतु एकदा का त्याची भरपाई कर्मचाऱ्याच्या खात्यात जमा झाली की त्याच घटकेला कुलूप पडावे, कारण खर्चातील खरा धोका एकच पावती दोनदा वठविण्याचा असतो आणि तो पैसे मिळाल्यानंतरच सुरू होतो.

कुलुपाने सत्याचे रक्षण होते असे जे म्हणतात त्यांनी एका गोष्टीचा विचार करावा. मुदत संपण्याच्या धाकाने माणूस नोंद भरतो खरी, परंतु ती खरी भरतोच असे नाही. शुक्रवारी दुपारी बाराला आठवडा बंद होणार असे ठरले की, शुक्रवार दुपारचे तास शुक्रवारी सकाळीच लिहिले जातात. म्हणजे जे काम अद्याप झालेले नाही त्याची नोंद आधी होते आणि मग तीवर कुलूप पडते. दुपारी वीज गेली, काम झाले नाही, तरी ती नोंद आता बदलता येत नाही. असत्याला अशा रीतीने सरकारी मोहोर मिळते. आजारी पडलेला, रजेवर गेलेला किंवा इंटरनेट नसलेल्या गावी काम करून परतलेला कर्मचारी खरे सांगण्यास आला तर दार बंद, आणि ज्याने वेळेत खोटे लिहून ठेवले तो निर्धास्त, अशी परिस्थिती ज्या कचेरीत असेल तिथे थोड्याच काळात सारे जण वेळेत खोटे लिहू लागतील, यात आश्चर्य कसले?

म्हणूनच कुलुपापेक्षा दुरुस्तीचा मार्ग अधिक महत्त्वाचा ठरतो. या बाबतीत हिशेबशास्त्राची परंपरा फार शहाणी आहे. लुका पाचोली या इटालियन संन्याशाने १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या आपल्या गणितग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे जे विवेचन केले, त्यात एक सबंध प्रकरण चुकीच्या खात्यात पडलेली रक्कम कशी काढावी यासाठी खर्ची घातले असून त्याचा उपाय खोडून टाकण्याचा नाही; विरुद्ध बाजूस तेवढ्याच रकमेची उलट नोंद करून चूक निष्प्रभ करावी, असा आहे. आपल्या जीएसटीच्या कायद्यातही दिलेल्या बिलात रक्कम जास्त लागली असेल तर बिल फाडून टाकण्याऐवजी क्रेडिट नोट काढतात. आणि मराठी माणसाला तर सातबाराचे उदाहरण पुरे व्हावे: जमिनीवरील जुन्या नावाला कंस होतो, नवे नाव त्याखाली चढते, आणि हा बदल कोणत्या व्यवहाराने, कोणत्या क्रमांकाने, कोणाच्या प्रमाणनाने झाला हे गाव नमुना सहा, अर्थात फेरफाराच्या नोंदवहीत राहते. साध्या लेखनप्रमादासाठीही १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमात कलम १५५ ची स्वतंत्र वाट आहे. तलाठ्याच्या दप्तराबद्दल लोकांच्या तक्रारी कितीही असोत, त्यामागील तत्त्व निर्दोष आहे.

हेच तत्त्व टाइमशीटला लावायचे तर वर सांगितलेल्या कर्मचाऱ्याने मार्चमधील आठाचे सहा करू नयेत. मे महिन्याच्या तारखेने त्या प्रकल्पावर दोन तास वजा आणि योग्य प्रकल्पावर दोन तास जमा अशी नोंद घालून शेजारी कारण लिहावे, आणि हिशेबनीसाने त्याच्या आधारे ग्राहकाला क्रेडिट नोट द्यावी. ज्या आज्ञावलीत वजा तास मांडण्याची सोय नाही तिथे वरिष्ठाने अर्ज घेऊन ती एक नोंद तेवढ्यापुरती उघडावी, दुरुस्ती होताच पुन्हा बंद करावी, आणि कोणी, केव्हा, काय उघडले ते लिहिले जावे. सबंध महिना उघडून ठेवणे, आणि मग तो बंद करण्याचे विसरणे, हा प्रकार मात्र सर्रास चालतो.

इथे आपण क्राउलीच्या कारकुनांपाशी येऊन पोहोचतो, कारण कुलूप उघडण्याचा अधिकार ज्याच्या हाती त्याच्यावर कोणाची नजर असते, हा या विषयाचा मर्मबिंदू आहे. सामान्य कर्मचाऱ्याला दोन आठवड्यांपूर्वीचा अर्धा तास बदलता येऊ नये म्हणून जी संस्था एवढी तजवीज करते, तिच्याच व्यवस्थापकाला कर्मचाऱ्यांचे जादा कामाचे तास महिनाअखेरीस चोरपावलांनी कमी करता येत असतील तर ते कुलूप सत्याचे रक्षक नसून सत्तेचे हत्यार आहे. अमेरिकेत १९३८ च्या किमान वेतन व कामाच्या तासांसंबंधीच्या कायद्यान्वये मालकाने काम करवून घेतले किंवा होऊ दिले तर त्या वेळेचे वेतन देणे त्याच्यावर बंधनकारक असते. कर्मचाऱ्याने टाइमशीट वेळेत भरले नाही किंवा आता महिना बंद झाला ही सबब तिथे चालत नाही. पडद्यावरील दार बंद झाल्याने देणे फिटत नाही, हे आपल्याकडील मनुष्यबळ विभागांनीही ध्यानी घ्यावे.

भारतातील कायद्याने या बाबतीत जो मार्ग निवडला तो लक्षणीय आहे. कंपन्यांच्या हिशेबासंबंधीच्या २०१४ च्या नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली आणि दोनदा लांबणीवर पडून १ एप्रिल २०२३ पासून जी अमलात आली, तिच्यानुसार कंपनीने हिशेबपुस्तकांसाठी वापरलेल्या आज्ञावलीत प्रत्येक व्यवहाराचा माग, प्रत्येक बदलाची नोंद आणि बदलाची तारीख राहिली पाहिजे, आणि ही व्यवस्था कोणालाही बंद करता येता कामा नये. लेखापरीक्षकाने त्याविषयी आपल्या अहवालात अभिप्राय द्यावयाचा आहे. टॅलीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ‘एडिट लॉग’ हा शब्द यामुळेच परिचित झाला. हा नियम हिशेबपुस्तकांपुरता असला तरी त्यातील दृष्टी ध्यानात घेण्याजोगी आहे: बदल करू नका असे तो सांगत नाही, बदल लपवू नका असे सांगतो. जर्मनीच्या कर-संहितेतील कलम १४६ चा आशयही हाच आहे की, मूळ मजकूर काय होता हे कळेनासे होईल अशा रीतीने कोणतीही नोंद बदलली जाऊ नये. कुलूप आणि माग या दोहोंत मला माग श्रेष्ठ वाटतो, कारण तो मालक व चाकर यांत भेद करीत नाही. तरीही कुलूप लागतेच, कारण माग वाचण्यास कोणालाही फुरसत नसते. हजारो बदलांच्या यादीत नेमका तो एक बदल हुडकण्यापेक्षा बदलांची संख्याच मोजकी ठेवणे व्यवहार्य ठरते.

राहता राहिला प्रश्न ज्याच्या नोंदी बंद झाल्या त्याच्या वाचनाधिकाराचा. नोकरी सोडताच कर्मचाऱ्याचे खाते बंद होते आणि स्वतःच्या हाताने भरलेले दोन-चार वर्षांचे तास त्याच्या नजरेआड जातात. थकलेल्या जादा वेतनाचा दावा करावयाचा झाला तर पुरावा समोरच्याच्या कपाटात असतो. अमेरिकेत मालकाने पगाराची कागदपत्रे तीन वर्षे आणि वेळेची पत्रके दोन वर्षे जपून ठेवावी असा नियम आहे. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मे २०१९ रोजी, स्पेनमधील एका कामगार संघटनेने डॉइच बँकेविरुद्ध चालविलेल्या प्रकरणात, प्रत्येकाच्या रोजच्या कामाची वेळ मोजणारी वस्तुनिष्ठ, विश्वसनीय आणि सुलभ व्यवस्था उभारण्यास सदस्य राष्ट्रांनी मालकांना भाग पाडले पाहिजे असा निर्णय दिला. त्याच्या दोनच दिवस आधी खुद्द स्पेनमध्ये त्या आशयाचा नवा नियम लागू झाला होता. त्यानुसार दैनंदिन कामाच्या वेळेच्या नोंदी चार वर्षे जतन कराव्या लागतात, आणि त्या कर्मचाऱ्यांना, त्यांच्या प्रतिनिधींना व कामगार निरीक्षकांना पाहण्यास मोकळ्या ठेवाव्या लागतात.